बोबड्या बोलांची वही : पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत

माझ्या दोन मुलांचं बोलणं टिपून ठेवायची दुसरी वही आता निम्मी भरली. मनू पाच पूर्ण झाली, ओजू अडीचच्या पुढं गेला, आणि सांगलीतल्या आमच्या घरात सध्या दोन तऱ्हांचं मराठी एकदम चालू आहे. एकीचं प्रश्नांनी भरलेलं, दुसऱ्याचं नुकतंच फुटलेलं. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या घरी असंच टिपण ठेवतात, म्हणून या चार-पाच महिन्यांत काय हाती लागलं आणि लिहिण्याची पद्धत कशी बदलली ते सविस्तर सांगते.

सगळ्यात मोठा बदल हा, की मी आता मुलाचं एकटं वाक्य लिहीत नाही. त्याच्या आधी कोण काय बोललं, मूल कुठं बसलं होतं, कशाकडं बघत होतं, ते आधी लिहायचं आणि मग त्याचं बोलणं. प्रत्येक बोलणाऱ्याची ओळ वेगळी. मुलांच्या भाषेचे अभ्यासक असंच उतरवून घेतात. 1984 साली सुरू झालेल्या ‘चाइल्ड्स’ या संग्रहात कितीतरी भाषांमधल्या मुलांची संभाषणं याच धर्तीवर ठेवलेली आहेत. वय लिहायची त्यांची रीतही मी उचलली : आधी वर्षं, मग अर्धविराम, मग महिने. म्हणजे 2;7 म्हणजे दोन वर्षं सात महिने. तारखेपेक्षा हे वाचायला फार सोपं जातं, आणि दोन भावंडं त्याच वयात काय बोलत होती ते शेजारी ठेवून बघता येतं.

नमुन्याला ओजूची एक नोंद जशीच्या तशी देते.

ओजू, 2;7. सकाळ, स्वयंपाकघर. आजी भाकऱ्या करतायत, हा दाराशी पाटावर. परातीत भाकरी थापताना पहिल्यापासून बघतोय. भाकरी तव्यावरून आचेवर गेली आणि टम्म फुगली.
ओजू : आजी, भाकली लुसली.
आजी : का रे बाबा, का रुसली?
ओजू : तू तिला मालली. लई मालली.
(आजींनी भाकरी टोपलीत टाकून वरून फडक्यानं दाबली, वाफ गेली.)
ओजू : आता हशली.

यातलं नुसतं ‘भाकरी रुसली’ लिहून ठेवलं असतं, तर गाल फुगवलेली भाकरी म्हणून गोडच वाटलं असतं. पण तो आधी पाच मिनिटं आजींचा हात धपाधप पडताना बघत बसला होता. फुगण्याचं कारण त्यानं तिथं शोधलं. थापणं म्हणजे मारणं, मारलं की रुसणं, आणि वरून हात फिरवला की समजूत पटणं! सगळी साखळी त्यानं स्वतः जुळवली, आणि ती कळते ती आधीच्या त्या ओळीमुळं. आता भाकरी फुगली की आजी स्वतःच विचारतात, ‘बघ रे, ही पण रुसली का?’ कधी तो हो म्हणतो, कधी म्हणतो, ‘ही झोपली.’ न फुगलेली भाकरी म्हणजे झोपलेली.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. ज्यांच्या घरात अडीच ते साडेतीनमधलं मूल आहे त्यांनी ही आत्ताच्या आत्ता लिहायला घ्या, कारण हे फार थोडा काळ टिकतं. ओजू दोन वर्षांचा असताना ‘बाबा आला’, ‘माऊ गेली’, ‘मी केलं’ असं अगदी बरोबर म्हणायचा. आता तोच ‘मी करलं’, ‘बाबा येला’, ‘झुरळ मरलं’ म्हणतो. आजींना वाटलं, पोरगं मागं गेलं. मागं गेलेलं नाही. आधी तो ऐकलेले शब्द तसेच उचलत होता. आता ‘बसला’, ‘पडला’, ‘हसला’ यातून त्यानं नियम काढलाय आणि तो सगळीकडं लावतोय. जगभरच्या मुलांमध्ये हे असं दिसतं : आधी बरोबर, मग नियमानं चूक, मग पुन्हा बरोबर. मनूच्या पहिल्या वहीत हेच 2;10 ला सापडतं, आणि चार पूर्ण व्हायच्या आत तिचं ‘करलं’ संपलेलं आहे. त्यानंतर एकदाही नाही. फोटोत तिचा तेव्हाचा फ्रॉक दिसतो, पण तिचं ‘करलं’ फक्त वहीत आहे.

म्हणूनच वहीत मी काहीही सुधारत नाही. मनू ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणते. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरी अशाच बोलतात. तिची पुण्याची आत्या ते हटकून ‘आले, जेवले’ करून घेते. तिचं तिच्याजागी बरोबर असेल, पण माझ्या वहीत ‘आलो’च राहणार.

नियम काढण्याचा एक खेळ तुम्हीही करून बघा. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनवलेलं नाव दिलं आणि मग तसेच दोन प्राणी दाखवून विचारलं, आता हे काय? मुलांनी कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं. मी मनूसाठी तीन पायांचा एक प्राणी काढला आणि त्याचं नाव ठेवलं टोपका. दुसरा काढला तशी लगेच म्हणाली, ‘दोन टोपके.’ मग एक झिबली काढली. ‘दोन झिबल्या.’ इथवर अपेक्षित होतं. पण मी वही मिटायला लागले तर म्हणाली, ‘आई, थांब की. त्यांला चवथा पाय काढ, त्ये पळायचं कसं?’ आता टोपका घरातच आहे. त्याचं एक ताट असतं, आणि त्याला दोडक्याची भाजी आवडत नाही. मनूला जी भाजी आवडत नाही ती त्यालाही आवडत नाही.

पावसाळ्याचं खातं यंदा भरगच्च आहे. सांगलीतली मुलं पाण्याची पातळी ऐकत मोठी होतात. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली की घराघरांत एकच विषय : आयर्विन पुलाजवळ किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं, त्यामुळं आकडा वाढायला लागला की मोठ्यांचे चेहरे बदलतात आणि मुलं ते बरोबर टिपतात. मनू, 5;1. न्हाणीघरात बादली भरायला लावून मी आत गेले. ती दाराशी उभी राहून ओरडली, ‘आई, बादली इशाऱ्याला आली!’ मी म्हटलं, येते. मग थोड्या वेळानं, अगदी गंभीर आवाजात : ‘आई, धोक्याला आली. ओजूला माळ्यावर ठेवू का?’

याच्या शेजारी मी त्या दिवशीचं नदीचं पाणी, आप्पा फोनवर कुणाशी काय बोलत होते, सामान वर टाकायची चर्चा, सगळं लिहून ठेवलंय. तिला मोठेपणी यातलं काही आठवण्याची शक्यता कमीच. मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडच्याच असतात, आणि पाचव्या वर्षातलंही फार तुटक उरतं. ओजूचं तर हे अख्खं वर्षच त्याच्या आठवणीत नसणार. ते त्याला कुणीतरी द्यायला हवं. मी एवढ्या चिकाटीनं लिहिते त्यामागं हे आहे.

महापुराचा आणखी एक धडा वहीसाठी. 2019 ला आमच्या ओळखीतल्या घरांतले लग्नाचे अल्बम, बाळांच्या पायांचे ठसे, सगळं भिजून गेलं. म्हणून वही खालच्या कपाटात ठेवायची नाही. आमची माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असते, दर महिन्याला पानांचे फोटो काढून एक प्रत पुण्याला आत्याकडं जाते. फोटो पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. लिहायला जेलपेन नको, थेंब पडला तरी पसरतं. साधं बॉलपेन किंवा पेन्सिल.

एसटीची नोंद माझी सध्याची सर्वांत आवडती. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. मनूला पाच पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा तिकीट मिळणार म्हणून ती दोन दिवस हवेत होती. तासगावला निघालो. कंडक्टरनी तिला अर्धं तिकीट दिलं, आणि मलाही अर्धंच, कारण 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. तिनं दोन्ही तिकिटं हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग : ‘आई, तू पण बाराच्या आतलीच हायस?’ मी काही म्हणायच्या आत पुढच्या सीटवरच्या आजी वळून म्हणाल्या, ‘व्हय बाळा, आमी समद्या बाराच्या आतल्याच.’ मनूनं मान डोलावली आणि मागं बसलेल्या बाबाकडं बघून म्हणाली, ‘बाबा एकटाच मोठा.’

त्यानंतर घरात एसटीचा खेळ सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. ती कंडक्टर, ओजू प्रवासी. ‘चला पुढं सरका. कुठं जायचं?’ ‘आईकलं.’ ‘आईकडं गाडी जात नाही, मिरजेला जाते. मिरजेत उतर, तिथनं रिक्षा कर आन् आईकडं जा.’ आई त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असते. ओजू खरोखर मिरजेत, म्हणजे दिवाणापाशी उतरतो आणि मग माझ्याकडं येतो.

गौरींच्या वेळची गंमत लिहिण्याआधी आवाजाबद्दल बोलते, कारण ती मला ध्वनिमुद्रणातच मिळाली. व्हिडिओ मी जवळजवळ सोडला. फोन समोर धरला की मनू पोझ घेते आणि ओजू फोन मागतो. नुसता रेकॉर्डर चालू करून फोन शेल्फवर पालथा ठेवला तर कुणालाही कळत नाही आणि घर जसं आहे तसं येतं : कुकरची शिट्टी, आप्पांचं खाकरणं, बाहेरचा भाजीवाला. रोजच्यासाठी फोनचं नेहमीचं दाबलेलं स्वरूप पुरतं, मिनिटाला साधारण अर्धा एमबी. पण सणावाराला मी डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे न दाबलेल्या स्वरूपात घेते. एकेरी ट्रॅकला मिनिटाला पाच एमबीच्या थोडं वर जातं, तरी बोबड्या उच्चारातले बारकावे स्वच्छ राहतात. ओजूचं ‘ल’ आणि ‘र’ यांच्या मधलं जे काही आहे ते लिहून दाखवताच येत नाही, ते ऐकावंच लागतं.

तर गौरी. बाहेर पावसाची झोड. काकूंनी गौर उंबऱ्यातून आत आणली, आजींनी रिवाजाप्रमाणं विचारलं, ‘गौर आली, कशाच्या पावलांनी आली?’ सगळ्या बायका ‘सोन्याच्या पावलांनी’ म्हणणार तेवढ्यात मनूचा खणखणीत आवाज : ‘ओल्या पावलांनी आली! फडकं आणा!’ आणि ती खरंच धावत जाऊन फरशी पुसायचं फडकं घेऊन आली. आजींनी तिलाच गौरीपुढं बसवलं. म्हणाल्या, ‘घरात आलेल्या लेकीचे पाय पुसायचं हिला सुचलं, बाकी कुणाला सुचलं नाही.’ हे आजींचं वाक्यही नोंदीत आहे. मला तर वाटतं मोठ्यांची उत्तरंही तितकीच जपावीत. वीस वर्षांनी ही मुलं आजीचा आवाज शोधतील.

आता एक नाजूक विषय. मुलाचं बोलणं ऐकून पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव, म्हणून दाखव’ करणं मला मुळीच पटत नाही. दोनदा म्हणायला लावलं की मूल ते हसवण्यासाठी म्हणायला लागतं आणि मूळचं निघून जातं. शिवाय त्याला लागतं. दिवाळीत बादलीची गोष्ट कुणीतरी सगळ्यांसमोर सांगितली, खोली हसली, आणि मनू माझ्या पदराआड जाऊन म्हणाली, ‘मी गंमत नव्हतो करत.’ खरंच नव्हती करत. तिला ओजूची काळजी वाटली होती. त्या दिवसापासून तिला विचारल्याशिवाय तिची नोंद घराबाहेर सांगायची नाही असं ठरलं. वर दिलेल्या तिच्या गोष्टी तिला वाचून दाखवल्यात. दोन तिनं काढायला लावल्या, त्या इथं नाहीत.

यातून एक नवीनच प्रकार सुरू झालाय. ती आता स्वतः येऊन सांगते, ‘आई, ओजू काय म्हणाला लिही.’ आणि माझ्या हाताकडं बघत उभी राहते. परवा म्हणाली, ‘त्यो “लुसली” म्हणाला, तू “रुसली” लिहिलंस की काय?’ अक्षरं नुकतीच जुळवायला लागलीये, त्यामुळं ‘र’ आणि ‘ल’ तपासता येतात. तिनं सांगितलेल्या नोंदींच्या कडेला मी ‘म’ लिहिते, म्हणजे कुणाच्या कानांनी ऐकलं ते कळावं.

पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी चार्ल्स डार्विनही हेच करत होता. त्याचा थोरला मुलगा 1839 च्या डिसेंबरात जन्मला, तेव्हापासून त्यानं त्याच्या नोंदी ठेवल्या आणि त्या छापल्या थेट 1877 साली. त्यात आहे, की बरोब्बर वर्षाचा असताना मुलानं खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला : ‘मम’. आपल्याकडच्या ‘मंमं’ भरवणाऱ्या आयांना हे वाचून परकं वाटणार नाही. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे, की एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं पोराचं हसणं, रागावणं, भिणं इतक्या मायेनं आणि इतक्या नेमकेपणानं लिहिलंय.

पुढच्या काही महिन्यांचं काम ठरलंय. ओजूचा ‘र’ यायच्या आत त्याच्याकडून ‘लामलाम’ आणि ‘लविवाल’ दर महिन्याला एकदा सहज बोलता बोलता मुद्रित करायचं. संक्रांतीला त्याचं बोरन्हाण आहे, तेव्हा रेकॉर्डर पाटाच्या जवळ ठेवायचा, कारण बोरं-चुरमुरे पडल्यावर मुलं जे बोलतात ते गर्दीत कुणालाच ऐकू येत नाही. आणि तुम्हाला एक विनंती : वऱ्हाडात, कोकणात, खानदेशात किंवा बेळगावकडं ज्यांची मुलं या ‘करलं-येला’च्या वयात आहेत त्यांनी आपल्या घरची रूपं वयासकट लिहून पाठवा. तिकडची मुलंही ‘मरलं’ म्हणतात का, आणि कधीपर्यंत, हे मला शेजारी ठेवून बघायचंय.