आफ्रिकन फॉण्ट

परवा दुपारी जेवून मोबाईल चाळत लोळत होतो, तर कुठल्याशा आफ्रिकन सफारीची जाहिरात आली. कुऱ्हाडीने तासल्यासारखी जाड, ओबडधोबड इंग्रजी अक्षरं, तीच ती, जुरासिक पार्कवाली. त्या टाइपचं नाव नॉयलांड, केला १९२३ साली रुडॉल्फ कोख नावाच्या जर्मनाने, आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही. पण जंगल, ढोल, सिंह म्हटलं की डिझायनर डोळे मिटून हेच चिकटवतात. परदेशातल्या इंडियन हॉटेलांच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांना वरून शिरोरेषा टांगलेली असते ना, तसला प्रकार. ती पाटी दिसली की माझी अर्धी भूक तिथेच मरते, बटर चिकन कितीही भारी असू दे.

मग खऱ्या आफ्रिकन कलेवरून फॉण्ट करायचा तर काय घ्यायचं? घानात न्टोन्सो गावी आदिंक्राचे, म्हणजे कापडावर छापायच्या चिन्हांचे, ठसे तुंब्याच्या कवचात कोरतात, झाडाची साल उकळून केलेल्या काळ्या रंगात बुडवतात. कवच मुळात गोलसर, त्यामुळे ठसा नुसता दाबून चालत नाही, कापडावर जरा डोलवावा लागतो. तो डोल फॉण्टमध्ये उतरला तर मजा आहे, नाहीतर नुसतं चिन्ह उचलून एबीसीडीला डकवायला कितीसा वेळ लागतो!

लेसोथोतल्या बासोथो बायका घराच्या ओल्या गिलाव्यात बोटांनी नाहीतर काट्याने रेघा ओढतात, त्याला लिटेमा म्हणतात. त्याचे फोटो बघितले आणि थेट आजीचं अंगण आठवलं. शेणाने सारवताना तिच्या हाताच्या अर्धगोल रेघा उठायच्या, एकाला लागून दुसरा, आणि आम्ही ते वाळायच्या आत त्यावरून पळायचो, मग पाठीत धपाटा. माझी पावलं मात्र कितीतरी दिवस तशीच उमटलेली दिसायची, आजी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने की रागाने कोण जाणे, पण दाखवायची.

तर या लिटेमावरून आणि एन्देबेले लोकांच्या रंगवलेल्या भिंतींवरून दक्षिण आफ्रिकेत लोकांनी अख्खी लिपीच बनवलीय, डिटेमा त्सा डिनोको. त्रिकोणाचं टोक कुठे वळलंय त्यावरून स्वर ठरतो, झुलू, सोथो वगैरे भाषा लिहिता येतात. म्हणजे परक्या अक्षरांना नक्षी चढवण्याऐवजी नक्षीलाच बोलायला लावलं. हे मला फारच आवडलं.

फक्त एक आहे, लिटेमा पावसात धुऊन जातात आणि बायका पुन्हा नव्याने काढतात. फॉण्टला हे कसं जमायचं? अपडेट येतात म्हणा अधूनमधून.