आमची वाटचाल: मोठ्या पायांसाठी गिअर लिव्हर

वडिलांनी साताऱ्याच्या एमआयडीसीत जुन्या लेथवर जॉबवर्क सुरू केलं. बुश, पिन, शाफ्ट, येईल ते काम. 1922 पासून इथे कूपरचा कारखाना, त्यामुळे लेथवर हात बसलेली माणसं साताऱ्यात मिळतात. मोटारसायकलच्या कामाकडे आम्हाला गिऱ्हाइकांनीच वळवलं.

जिल्हा फौजींचा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं इथली. उंचपुरी माणसं, अकरा-बारा नंबरचे बूट. एक निवृत्त सुभेदार गाडी घेऊन आले. म्हणाले, "मालक, इंजिन झकास हाय, पण गिअर टाकायला अख्खा पाय फूटरेस्टवरनं उचलावा लागतोय. यवतेश्वरच्या घाटात लई तरास होतो."

"साहेब, रोजचे बूट घालून बसा बघू," वडील म्हणाले.

टाच गिअर लिव्हरच्या मागच्या पट्टीला टेकलेली, चवडा पुढच्या पेगखाली, म्हणजे पायाने उचलायच्या खुंटीखाली, शिरत नव्हता. बूट दोन्हीच्या मध्ये अडकून बसलेला. आम्ही टाचेची पट्टी काढली आणि पुढचा हात लांब करून नवा लिव्हर बनवला. तिथून हे काम वाढत गेलं. एकाचं बघून दुसरा यायचा. पोलीस आले, तालमीतले पैलवान आले.

लिव्हर लांब केला की जोर कमी लागतो, पण पायाची चालही तेवढीच वाढते. म्हणून आम्ही गरजेपुरतंच लांबवतो. उंचीचा प्रश्न वेगळा. लिव्हर गिअरच्या शाफ्टच्या दात्यांवर बसतो; तो एक दाता सरकवला तरी पेग एकदम बराच वर-खाली जातो. जिथे बसतो तिथे आम्ही लिव्हर आणि गिअरचा शाफ्ट यांच्यामध्ये जोडरॉड देतो: एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. लॉकनट (रॉड जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करून रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते, आणि पेग हवा तिथे थांबतो.

ब्रेकचं पेडल बदलताना आम्ही जास्त वेळ घेतो, आणि घेणारच. ड्रम ब्रेकला पेडलची साधारण 20 ते 30 मिमी मोकळी चाल लागते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधी पेडल तेवढं रिकामं दाबलं जायला हवं. ती राहिली नाही तर ब्रेक धरून राहतो, ड्रम तापतो. ब्रेकलाइटचा स्विचही नव्याने लावावा लागतो. बरेच जण हे सोडून देतात. मागच्या गाडीवाल्याला दिवा दिसलाच नाही, तर चांगल्या पेडलचा काय उपयोग?

"आहे त्याच लिव्हरला तुकडा वेल्ड करून द्या," असं कोणी म्हणालं तर नाही म्हणतो. लिव्हर कास्ट (ओतीव) ॲल्युमिनियमचा असेल तर जोडाशी तडकू शकतो, आणि तोही घाटात तडकला तर काय?

आता मुंबई-पुण्याहूनही गाड्या येतात. मापांची वही सौ. सांभाळते: बुटाची लांबी, चवड्याची जाडी, फूटरेस्टपासून पेगचं अंतर. येताना रोजचे बूट घालून या; पावसाळ्यात गमबूट घालत असाल तर तेही सोबत आणा, त्यांची जाडी वेगळी असते. काम झालं की यवतेश्वरला एक चक्कर मारून परत या, आम्ही लॉकनट पुन्हा तपासून मगच गाडी सोडतो.