तुम्ही विचारलंत म्हणून: प्रार्थनेत आम्ही काय मागतो

“मूल लवकर मिळावं म्हणून प्रार्थना करता ना?” नगरला फोन केला की हा प्रश्न येतोच. मावशी विचारते, आईच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या, बायका विचारतात. इथे टेक्सासमध्ये आमच्या चर्चमधली माणसंही विचारतात आणि पुढे म्हणतात, “देवाने तुमच्यासाठी एक लेकरू राखून ठेवलंय, धीर धरा.” विचारणारे सगळे मायेने विचारतात. फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघंही मूळचे नगरचे, आता अमेरिकेचे नागरिक. नऊ वर्षांची मुलगी आहे. भारतातून तीन ते सहा वर्षांचं एक मूल दत्तक घ्यावं म्हणून आमचं नाव नोंदलेलं आहे. रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थनेला बसतो तेव्हा त्या मुलासाठीही प्रार्थना होते. ते लवकर मिळावं, असं मात्र आम्ही मागत नाही.

त्याचं कारण असं. एखादं मूल दत्तक जाण्यासाठी मोकळं होतं तेव्हा आधी कुठेतरी एक घर मोडलेलं असतं. कुणी आई लग्नाआधी बाळंत झालेली असते आणि घरचे तिला बाळासह आत घेत नाहीत. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणी स्वतःच आजारी असते, कुणाच्या बाळाला असं दुखणं असतं की त्याच्या उपचाराचा खर्च ऐकूनच ती खचते. आमचं मूल लवकर यावं असं मागायचं तर हे सगळं लवकर घडो असंच मागायचं झालं. ते आमच्या तोंडून निघत नाही.

भारताचा कायदा या बाबतीत फार समजूतदार आहे. मूल सोडू पाहणाऱ्या आईला बाल कल्याण समितीपुढे यावं लागतं. तिचं समुपदेशन होतं. कागदावर सही झाल्यावरही फेरविचार करायला दोन महिने मिळतात आणि त्या मुदतीत ती येऊन बाळ परत नेऊ शकते. रस्त्यात किंवा संस्थेच्या दारातल्या पाळण्यात सोडून दिलेलं बाळ सापडलं तर त्याच्या आईवडिलांचा शोध घेतला जातो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिने आणि मोठ्याला चार महिने अशी मुदत धरलेली आहे. एवढं झाल्यावरच समिती त्या मुलाला दत्तकासाठी मोकळं ठरवते.

आम्ही रोज प्रार्थना करतो ती त्या दोन महिन्यांसाठी. आज कुठल्यातरी जिल्ह्यात सही करून परतलेल्या आईसाठी आम्ही मागतो की तिला कुणीतरी आधार द्यावा, तिच्या बहिणीने दार उघडावं, तिने मागे फिरावं आणि बाळ घेऊन जावं. तसं झालं तर आमची पाळी लांबेल, हे आम्हाला कळतं. तरीही पहिली विनंती तीच. तिला नाहीच जमलं तर बाळाला आजी, मामा, कुणीतरी नात्यातलं मिळावं, ही दुसरी. तेही नसेल तर त्याच्याच देशात, त्याच्या कानावर पडलेल्या भाषेत वाढवणारं घर मिळावं, ही तिसरी. आणि यातलं काहीच नसेल तर, प्रभू, आम्ही इथे आहोत.

ही क्रमवारी काही आमच्या भक्तीतून सुचलेली नाही. आंतरदेशीय दत्तकाबाबतच्या 1993च्या हेग करारात हाच विचार आहे: आधी जन्माचं कुटुंब, मग स्वतःचा देश, त्यानंतर परदेश. भारताने तो करार 2003 साली स्वीकारला, अमेरिकेत तो 2008 पासून लागू आहे. भारतात हे सगळं काम केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, बघतं. काराच्या रांगेत भारतात राहणारे आणि अनिवासी भारतीय पालक आधी, मग आमच्यासारखे ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक, आणि त्यानंतर परदेशी. म्हणजे आम्ही मागे आहोत. मंडळीतल्या काहींना हा आमच्यावर अन्याय वाटतो. “आपल्याच मातीतली माणसं तुम्ही, मग मागे का?” मला तो अन्याय वाटत नाही. रांग मुलासाठी लावलेली आहे आणि मुलाच्या बाजूने पाहिलं तर ती बरोबरच आहे.

हे मला एवढं का लागतं, ते सांगते. माझी पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात वाढली. 1896–97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि बायका आणल्या, त्यांत ती एक. पाच-सहा वर्षांची असेल. तिथे तिला अन्न मिळालं, अक्षरं मिळाली, प्रभू मिळाला. आमचं सगळं घराणं त्या कृपेवर उभं आहे आणि प्रत्येक नाताळाला आम्ही त्याची आठवण करतो. पण तिच्या आईचं नाव कुणालाच माहीत नाही. ती दुष्काळात गेली, की पोरीला वाचवायला तिनेच हात सोडला, काही कळायला मार्ग नाही. पणजी म्हातारपणी गोधडी शिवताना एक अंगाईची ओळ गुणगुणायची, तिचा अर्थ तिलाही सांगता येत नसे, असं आजी सांगायची. जिच्यामुळे आम्ही आहोत त्या बाईसाठी आमच्या घरात शंभर वर्षांत कुणी प्रार्थना केली नव्हती. आता करतो.

इथल्या चर्चमध्ये दत्तकावर प्रवचन असलं की पौलाच्या पत्रातलं ‘दत्तकपणाचा आत्मा’ हे वचन घेतात. देवबापाने आपल्याला दत्तक घेतलं, तसं आपणही घ्यावं. खरं आहे. पण त्यात दत्तक घेणारा नकळत देवाच्या जागी जाऊन बसतो, आणि जन्मदात्री आई कुठे दिसतच नाही. म्हणून आम्ही घरी बायबलमधल्या निर्गमाचा दुसरा अध्याय, मोशेच्या जन्माचा, जास्त वाचतो. तिथे सगळे आहेत. लव्हाळ्याचा पेटारा करून त्याला डांबर लावणारी आई आहे, त्याचं काय होतं ते पाहत दूर उभी राहिलेली बहीण आहे, रडणारं बाळ पाहून कळवळलेली फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, मुलगी आहे. आमच्या लेकीने एकदा विचारलं, “आई जवळच होती, दूधही तीच पाजत होती, मग तिने मोशेला घरीच का नाही ठेवलं?” तिचे बाबा म्हणाले, “इस्राएली मुलगे जन्मताच मारून टाकायचे, असा फारोचा हुकूम होता म्हणून.” त्यानंतर ती तिच्या प्रार्थनेत “फारोचा हुकूम बदलू दे” असं म्हणते. आमच्या घरात याहून चांगली प्रार्थना अजून कुणी केलेली नाही.

वाट पाहण्याचे दिवस कसे जातात, हेही विचारता. कागदपत्रांचं फार सांगत नाही. बोटांचे ठसे, पोलिसांचे दाखले, वैद्यकीय तपासण्या, पाळकसाहेबांचं शिफारसपत्र. अमेरिकन सरकारची मंजुरी पंधरा महिने टिकते, मग वाढवून घ्यायची. एजन्सीच्या सोशल वर्करबाई घर बघायला येतात, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, धुराची घंटा वाजते का ते पाहतात, आणि मग तासन् तास बोलतात. तुम्ही लहान असताना तुम्हाला मार बसायचा का? आई रागावली की काय करायची? आमच्या दोघांच्याही घरी नीतिसूत्रांतलं छडीचं वचन पाठ होतं आणि छडीही होती. नवऱ्याचे वडील शाळामास्तर. त्या संध्याकाळी तो आपल्या बालपणाबद्दल जे बोलला ते मीही पूर्वी ऐकलं नव्हतं. जे मूल आधीच खूप काही सोसून येईल त्याच्यावर हात उगारायचा नाही, हे आम्ही त्या बाईंना लिहून दिलं आहे, आणि त्याआधी देवाला.

सगळ्यांत अवघड होता तो आजारांचा तक्ता. मुलाला काय काय असलं तर तुम्ही स्वीकाराल? दुभंगलेला ओठ, हृदयाला छिद्र, फिट्स, एचआयव्ही, कमी दिसणं, ऐकू न येणं, चालता न येणं. प्रत्येकापुढे हो, नाही किंवा विचार करू. नवरा फार्मासिस्ट आहे, त्याला प्रत्येक नावामागची औषधं ठाऊक, तरी पेन त्याच्या हातात थांबत होतं. ‘नाही’पुढे खूण केली की एका खऱ्या मुलाला नाही म्हटल्यासारखं होतं. पण सगळ्याला ‘हो’ म्हणून देवावर सोडणं हाही विश्वास नव्हे, असं माझं ठाम मत आहे. विमा काय देतो, जवळ कुठले डॉक्टर आहेत, आपल्या अंगात किती बळ आहे हे मोजूनच हो म्हणायला हवं, कारण उद्या ते मूल आपल्या होकारावर जगणार असतं. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी आम्ही हो म्हटलं. म्हणून आता शनिवारी सकाळी तिघंही खुणांच्या भाषेच्या वर्गाला जातो. जेवणाआधीचा आशीर्वाद कधी मराठीत मागतो, कधी हातांनी. मूल ऐकणारं आलं तरी हे शिकणं वाया जाणार नाही.

खोली मात्र सजवलेली नाही. आमच्या चर्चमध्ये एक कुटुंब चीनमधल्या एका मुलीची कोविडच्या आधीपासून वाट पाहत होतं. तिचा फोटो त्यांच्या फ्रिजवर, तिच्या नावाची उशी पलंगावर. 2024च्या सप्टेंबरमध्ये चीनने परदेशी दत्तकाचा मार्ग बंद केला. जवळच्या नात्यातली मुलं तेवढी वगळली. ती मुलगी आता येणार नाही. त्या आईला ‘देवाने राखून ठेवलंय’ असं आता कोण म्हणणार? मी तिच्याशेजारी बसते, एवढंच करते. नाताळाआधीच्या आगमनकाळात चर्च ज्याची वाट पाहतं तो येणार हे ठरलेलं असतं. आमच्या वाट पाहण्याला तशी खात्री नाही, आणि ती असल्याचा आव आणून मुलीला खोटा धीर देणं आम्हाला नको आहे. तिला ठाऊक आहे की भावंड येईल किंवा येणार नाही, आणि देव दोन्ही वेळा आपल्याजवळच असेल.

आणखी एक विचारतात, विशेषतः आपली ख्रिस्ती माणसं: “एवढी खटपट कशाला? ओळखीच्या मिशनचं बालगृह आहे, थेट तिथून आणा की.” तसं करता येत नाही, आणि येऊही नये. बालगृहातल्या कित्येक मुलांना आई किंवा वडील असतात, गरिबीमुळे त्यांना तिथे ठेवलेलं असतं. नियम डावलून दत्तक देणं-घेणं हा गुन्हा आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे व्यवहार होत असल्याची तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून केली, त्यावर 1984 साली निकाल आला, आणि आजच्या नियमांची सुरुवात तिथून झाली. ज्या कागदांनी आम्ही दमतो ते कागद कुणातरी आईच्या रक्षणासाठी आहेत.

शिवाय आपल्या माणसांनी एक विसरू नये. 1956चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता, आपल्याला तो लागू नव्हता. आपल्याकडे 1890च्या कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं. माझ्या आत्याने वाढवलेली मुलगी कायद्याने तिची लेक कधीच झाली नाही; अठरा पूर्ण झाल्यावर ते पालकत्वही संपलं, आणि घर तिच्या नावे व्हावं म्हणून आत्याला वेगळं मृत्युपत्र करावं लागलं. बाल न्याय कायद्यामुळे ती अडचण गेली, आणि धर्म कुठलाही असो, त्या कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केलं.

“मग दुसऱ्या धर्मातलं मूल ख्रिस्ती करणार का?” हाही प्रश्न येतो, आणि तो विचारायचा हक्क लोकांना आहे. मूल आमच्या घरात वाढेल, तेव्हा रविवारी आमच्याबरोबर उपासनेला येईल, शास्त्र ऐकेल. पण आल्या आल्या त्याचा बाप्तिस्मा उरकायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. त्याचं भारतातलं नाव राहील. त्याच्या फाइलीतला प्रत्येक कागद जपून ठेवू, आणि मोठेपणी त्याला आपलं मूळ शोधायचं असेल तर, नियमांत बसेल तितकं, आम्ही त्याच्यासोबत शोधू.

तेव्हा मावशी, आणि नगरच्या सगळ्यांनो, प्रार्थना नक्की करा. आमच्या आधी त्या आयांसाठी करा. आणि तुमच्या हाताने होण्यासारखं एक काम आहे. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एकल किंवा आजारी पालकाच्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळतात, म्हणजे मूल घरातच वाढू शकतं. मंडळीतल्या कितीतरी विधवांना हे ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्या कागदांना घाबरतात. त्यांच्यासोबत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. अर्ज भरून द्या, झेरॉक्स काढून द्या, दाखल्यांसाठी परत बोलावलं तर पुन्हा जा.