आमची वाटचाल : परत आलेल्या ग्लोव्हजमुळे

आमचं मूळ काम पाकिटं आणि पट्ट्यांचं, धारावीत, बाबांच्या वेळेपासूनचं. ओळखीच्या एका बॉक्सिंग कोचनी फाटलेली जोडी शिवायला आणली तिथून ग्लोव्हज सुरू झाले, आधी नुसती दुरुस्ती, मग हळूहळू १२ आणि १६ औंस वजनाच्या स्वतःच्या जोड्या. ग्लोव्ह उलटा शिवतात आणि मग पलटवतात, ते आमच्या जुन्या कारागिरांच्या हातात बसायलाच बरेच महिने गेले. २०१५ ला महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा आम्ही पूर्ण म्हशीच्या लेदरवर आलो, ते जाड असतं, अंगठ्याच्या वळणावर शिवताना कस लागतो.

सुरुवातीची एक गोष्ट अजून मनाला लागून आहे. एका क्लबमधून जोडी परत आली, अंगठ्याच्या बुडाशी उसवलेली. मी फोटो बघितला आणि फोनवरच सांगून टाकलं की वापरानं झालंय, रोज पंचिंग बॅगवर मारता तर होणारच. पंधरा दिवसांत त्याच लॉटमधली दुसरी आली, नेमकी तिथेच गेलेली, मग तिसरी. तेव्हा कुठे एक ग्लोव्ह पूर्ण उसवून बघितला. दोरा शाबूत होता, लेदर मात्र टाक्यांच्या भोकांवरून फाटलं होतं, पोस्टाचं तिकीट फाडतो ना तसं. शिवण मजबूत व्हावी म्हणून आम्हीच टाके खूप जवळजवळ घातले होते. सगळा लॉट परत मागवला, बदलून दिला, आणि पहिली जोडी ज्याची होती त्या मुलाला मी स्वतः जाऊन नवी जोडी दिली, माफी मागितली.

तेव्हापासून फोटोवर उत्तर देत नाही, जोडी हातात घेतो. बघायची पहिली गोष्ट एकच, मार कुठे बसतो. मुठीच्या पुढे सुरकुत्या, रंग फिका होणं, फोम मऊ पडणं, एक हात जास्त चालतो म्हणून एक ग्लोव्ह आधी दबणं, तळव्याकडे घामाचा काळपटपणा, ही झीजच आहे. पण मार बसत नाही तिथे गेलं, म्हणजे बोटांच्या टोकाशी अस्तर सुटलं, मनगटाची किनार निघाली, तर बहुतेक वेळा चूक आमची असते. सगळ्यात वाईट म्हणजे आतला फोम सरकणं, बाहेरून ग्लोव्ह नवा दिसतो आणि बॅग थेट हाडाला लागते, असा ग्लोव्ह मी वाद न घालता बदलतो कारण तिथे मुलाच्या हाताचा प्रश्न असतो.

तडे मात्र फसवतात. थोड्या आठवड्यांत वरच्या रंगाच्याच पापड्या निघाल्या तर फिनिश खराब, आमचा दोष. लेदरच कडक होऊन खोलवर चिरलं असेल तर बहुतेक उन्हात किंवा हीटरसमोर वाळवलेलं असतं. सावलीत, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवा, एवढं तरी प्रत्येकाला सांगतो. पांढरी पूड दिसली की लोक घाबरतात, ती बहुतेक वेळा घामाचं मीठ असते, ओल्या फडक्यानं जाते, पावसाळ्यात कुबट वास आला तर मात्र बुरशी.

मध्यंतरी एक ताई मुलीची जोडी घेऊन आल्या, अस्तर कुजलेलं, ओले ग्लोव्हज तसेच बॅगेत राहायचे. दोष आमचा नव्हता आणि तसं स्पष्ट सांगितलं, पण पुढच्या आठवड्यात तिची स्पर्धा होती, म्हणून नुसत्या कापडाच्या पैशात अस्तर बदलून त्याच संध्याकाळी जोडी परत दिली.