गाडी लागण्यावरच्या पट्टीचा हिशेब

धारणीहून सेमाडोहमार्गे परतवाड्याला उतरणारा घाटरस्ता ज्यांनी एसटीने केला आहे, त्यांना गाडी लागणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. माझ्या पत्नीच्या पोटात गोळीही टिकत नसे, म्हणून डॉक्टरांनी काचबिंदू नसल्याची खात्री करून कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी लिहून दिली. तिथपर्यंत काहीच अडले नाही.

अडले ते औषधाच्या दुकानात. पट्टी मागवावी लागेल, एवढेच सांगून दुकानदाराने किमतीचा विषय टाळला आणि माल आल्यावर चार पट्ट्यांचा डबा समोर ठेवून पूर्ण डब्याचे पैसे मागितले. "सुटी नाही भेटत गुरुजी, डब्बाच घ्या लागते." बऱ्याच बोलाचालीनंतर तो एक पट्टी द्यायला तयार झाला खरा, परंतु तिची जी रक्कम त्याने सांगितली, ती डब्यावरील किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास दीडपट होती, आणि वर कर वेगळा लागेल, असेही त्याचे म्हणणे होते. छापील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेलेच असतात, आणि औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणे सुट्या औषधाला डब्याच्या प्रमाणात पडणाऱ्या किमतीहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे मी आवाज न चढवता सांगितले. त्याने मालकाला फोन लावला. मालक जेवायला बसले होते, म्हणून त्यांचे जेवण होईपर्यंत मी बाकावर बसून राहिलो. अखेर चौथा हिस्साच घेतला गेला. बिलासाठी पुन्हा कुरकुर झाली, पण बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख त्यावर लिहून घेतल्याशिवाय मी उठलो नाही, याचे मला आजही समाधान आहे.

गोळ्यांच्या मानाने पट्टी महागच पडते. मात्र एक पट्टी तीन दिवस काम करते, त्यामुळे अमरावतीचा दवाखाना आणि अचलपूरचे लग्न आम्ही त्याच मुदतीत बसवले आणि खर्च दोन्ही प्रवासांवर विभागला. पैसे वाचवण्यासाठी पट्टी कापून अर्धी लावू नये. औषध ठरावीक वेगाने सोडणारी तिची रचना त्याने बिघडते. प्रवासाच्या किमान चार तास आधी ती लावावी आणि नंतर हात धुवावेत, कारण औषधाचे बोट डोळ्याला लागले तर बाहुली विस्फारून अंधुक दिसते.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. या पट्टीने घाम कमी होऊन शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२५ मध्ये दिला आहे. तेव्हा आपल्याकडच्या मे महिन्यात ती घेण्यापूर्वी डॉक्टरांना पुन्हा विचारावे. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे, म्हणजे माल मागवण्याआधी दुसऱ्या दुकानातही भाव विचारता येतो.