नंदवाळची वाट

आमचं गाव कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं, नंदवाळच्या अलीकडं. वडील तरुणपणी लालबागच्या गिरणीत लागले आणि आम्ही मुंबईचे झालो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दोन-अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. त्या दिवसांत आमच्या खोलीतली चूल पेटायची ती गावच्या तांदळावर. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, पोती शिवून एसटीच्या टपावर चढवायचे. वडील होते तोवर हा विषय निघाला की गप्प व्हायचे. यंदा आषाढीला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली आणि तात्या-काकींबरोबर नंदवाळला चालायचं ठरवलं.

नंदवाळला आमच्याकडं प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्यांना पंढरीला जमत नाही ते इथं येतात. आषाढीला देव इथं असतोच, असं जुनी माणसं ठामपणे सांगतात. पेरण्या झालेल्या, भाताच्या लावणीची घाई, घरात जनावरं. अशा माणसाला एका दिवसात जाऊन येण्यासारखी वारी हवीच. मला तरी यात काही कमी वाटत नाही.

सकाळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी निघाली. गंगावेस मागं पडली, रंकाळ्याचा वारा लागला तसा पावसानं जोर धरला. काकींनी डोक्यावर तुळस घेतलेली, वरून युरियाच्या पिशवीची खोळ. पंचाहत्तरी गाठलेली बाई. मी म्हटलं, "काकी, द्या जरा माझ्याकडं." तर म्हणाल्या, "तू तुझं पाय सांभाळ. मी दमलो की सांगतो." माझे महागडे बूट तोवर भिजून जड झाले होते, आणि त्यांची साधी प्लॅस्टिकची चप्पल चिखलातून सपासप चाललेली. वाटेत कुणी केळी देत होतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू. साने गुरुजी वसाहतीजवळ घेतलेल्या चहाइतका गोड चहा मी मुंबईत कधी प्यायलो नाही. साखरेचा जिल्हा आहे शेवटी!

पुईखडीला रिंगण. माळावर माणसांचं कडं धरलं, टाळ-मृदंगाचा ठेका वाढला आणि अश्व सुटला. ओल्या मातीची ढेकळं उडून पुढच्या रांगेतल्यांच्या सदऱ्यांवर बसली. घोडा पुढं गेला तशी माणसं वाकली. तात्यांनी टापेच्या खळग्यातला चिखल बोटावर घेतला, आधी स्वतःच्या कपाळाला लावला, मग माझ्या. त्यांचं बोट खरखरीत होतं, नखाजवळ विळ्याचा जुना वण. बहुतेक याच बोटांनी सुतळी ओढून ती पोती शिवली असतील. मला एकदम हुंदका आला. शेजारचा पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यात मीही आलो असणार.

नंदवाळला दर्शनाची रांग लांबलचक. देवाकडं मागायचं काही आठवेना. वडिलांचं नाव तेवढं घेतलं आणि पुढं सरकलो.

परतताना तात्यांना म्हटलं, "तुम्ही त्या वेळी तांदूळ धाडला नसता तर..." त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही.

"जमीन काय माझ्या एकट्याची हाय व्हय? तुझ्या बाच्या वाट्याचंच धाडलं." थोडं चालून परत म्हणाले, "वड्याकडंचा बांध फुटलाय. उद्या द्वादशी सोडून येतोस का हाताला?"

मी लगेच हो म्हणालो. काकी मागून ओरडल्या, "त्या बुटांवर नको बाबा, खळ्यावरची जुनी चप्पल घाल."