मोती कुत्र्याकडून ८०जीचं सर्टिफिकेट काढताना, माझा अनुभव

भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या बाहेरगावच्या एका संस्थेला मागच्या वर्षी पाच हजार दिले. देणगीवर टॅक्समध्ये सूट मिळते ती ८०जी कलमाने. तिच्या पेजवर सगळं मोती नावाचा कुत्राच बोलतो, 'आज मला अंडं मिळालं' वगैरे. यूपीआय, पॅन, पावती, सगळं पटकन झालं.

जूनमध्ये आमचा जळगावचा सीए म्हणे, "भाऊ, नुसत्या पावतीवर भागत नाही, टेन बीई आणा." २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांची यादी टेन बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत इन्कम टॅक्सला भरायची न् पोर्टलवरून निघालेलं टेन बीई सर्टिफिकेट आपल्याला द्यायचं, त्यावरचा एआरएन नंबर रिटर्नमध्ये लागतो.

पेजवर फोन नंबर नाही म्हणून मेसेज केला. उत्तर काय, 'भू भू! दादा, तुमचीच आठवण काढत होतो', खाली शेपटी हलवणारं स्टिकर. परत विचारलं तर 'मोतीला कागद वाचता येत नाही ना'. अरे पण पैसे मागताना क्यूआर कोड बरोबर टाकता येतो! मग जरा कडक भाषेत लिहिलं, तर मोतीची ताई अवतरली, 'टीमला सांगते दादा', न् ती पण गायब. पोस्टखाली कमेंट टाकली तर त्यावर बदाम. इकडे रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, ३१ जुलै, जवळ येऊन राहिला न् मी कुत्र्याशी चॅट करून राहिलो, घरचे हसून राहिले. आमच्याकडे भरीत पार्टीच्या वर्गणीचाही हिशोब मिळतो हो. अमूलची मुलगी १९६६ पासून बोलतेय, पण तिच्याकडे कुणाला टॅक्सचा कागद मागायचा नसतो.

शेवटी पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात ट्रस्टच्या ऑफिसचा ईमेल दिसला. त्यावर पॅन, तारीख, ट्रान्झॅक्शन नंबर टाकला न् लिहिलं की टेन बीडी उशिरा भरला तर कलम २३४जीने दिवसाला २०० रुपये फी संस्थेलाच बसते. लगेच एका बाईंचा फोन, यादी भरायचीच राहिली होती म्हणे. मग पीडीएफ आली, भू भू न करता.

तर पैसे देण्याआधीच ऑफिसचा ईमेल शोधून ठेवा. रोख २००० च्या वर देऊ नका, सूट मिळत नाही. हो, न् नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर हा खटाटोपच करू नका, ८०जी तिथे चालत नाही. मोतीला शिव्या मात्र नका देऊ, त्याच्यामागे एखादा पगारी पोरगा असणार, त्याच्याकडे पोर्टलचा पासवर्ड कुठून येणार!